'साठी' खोडून टाक

पोरी,

काल तू विचारलंस, सर, जमिनीवर चालण्यासाठी माशाला पाय आले ना, मग अकँथोस्टेगाला पाय असून कल्ले कसे? आणि वही मिटून म्हणालीस की हा उत्क्रांतीचा विषय मला जमणार नाही. रात्री झोप नाही आली मला. अगं विषय जमतोय तुला, म्हणून तर अडलीस! चुकतोय तो तुझा 'साठी'.

अकँथोस्टेगा म्हणजे 36.5 कोटी वर्षांपूर्वीचा ग्रीनलँडचा तो प्राणी, पुढच्या पायाला आठ बोटं, आत कल्ले, शेपटीला माशासारखा पर आणि पाय असे की जमिनीवर अंगाचा भार पेलवला नसता. म्हणजे बोटं पाण्यातच आली. पाण्यातच! उथळ पाण्यात, झाडोऱ्यात रेटा द्यायला कामी आली असतील, जमीन फार पुढची गोष्ट. टिकटालिक हा जुना मासा घे, 2004 मध्ये कॅनडाच्या एल्समियर बेटावर सापडला, 37.5 कोटी वर्षं जुना. खांदा, कोपर, मनगटासारखी हाडं सगळं आहे आणि टोकाला बघ तर माशाच्या पराच्या काड्या. त्याला काय ठाऊक पुढे बेडूक व्हायचेत, माणसं व्हायचीत? 'साठी' म्हणायचं नाही.

मी वीस वर्षं हेच डिक्टेट केलं, 'जमिनीवर चालण्यासाठी'. आठ बोटांचं 1990 मध्येच छापून आलं होतं, मी वाचलंही होतं, पण पेपरात जुनं उत्तर लिहिलं की मार्क मिळायचे आणि पोरांचे मार्क जायला नकोत म्हणून गप्प बसलो. साठ जणांची बॅच, त्यातल्या निम्म्यांच्या घरी फीची ओढाताण, कुणाच्या जिवावर खरं शिकवायचं होतं मी? तरी चुकलंच. ती पोरं आज कुठे कुठे शिकवतायत आणि तोच 'साठी' पुढे देतायत, हे आठवलं की जीव तुटतो.

रविवारी बडोद्याच्या कमाटीबागेत जा. म्युझियममधल्या देवमाशाच्या सांगाड्यापुढे निवांत उभी रहा, पाच मिनिटांत सेल्फी काढून पळू नकोस. देवमाशाच्या वल्ह्यात दंडाचं एक हाड, पुढे दोन, मग मनगट, मग बोटं. आपल्या हातातलीच हाडं, आणि तो पोहतोय. आता सांग, हात कशा'साठी' आला?

संध्याकाळी घरी ये. वही आण, ते पान फाडू नकोस, एक शब्द खोडायचाय फक्त.

तुझे सर