सातबारा आमचा, मग अडवतंय कोण?

प्रश्न : नमस्कार मॅडम, रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राला लागून आमची आजोबांपासूनची माडांची वाडी आहे, आत जुनं कौलारू घर. सातबारा बाबा आणि काकांच्या नावावर. घर पाडून दुमजली कॉटेज बांधायचंय, एजंट म्हणतो एनए (शेतजमीन बिगरशेती) करून देतो, ग्रामपंचायतीचा दाखला पण आणतो, बाकी कोण बघायला येतंय. शिवाय पुढचा गडगा (दगडी कुंपण) आणि चार माड समुद्राने खाल्ले, ती जागा अजून आमचीच ना?

उत्तर : एजंटला आधी केरळातल्या मरडूच्या फ्लॅटच्या टॉवरांचं विचारा. तिथेही पंचायतीचीच परवानगी होती हो! सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांचं, उल्लंघन ठरलं, २०१९ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने पाडायचा हुकूम दिला आणि जानेवारी २०२० मध्ये स्फोटकं लावून टॉवर पाडले. राहणाऱ्यांनी रीतसर पैसे मोजून फ्लॅट घेतले होते, तरी.

सातबारा सांगतो जमीन कुणाच्या नावावर आहे, तिच्यावर काय बांधता येईल हे तो सांगत नाही. ते ठरतं भरतीरेषेवरून, म्हणजे सगळ्यात मोठ्या उधाणाचं पाणी पोचतं ती रेषा, किनाऱ्याला तिथून आत ५०० मीटरपर्यंत सीआरझेड. खेडेगावाची लोकसंख्येची घनता चौ. किमीला २१६१ पेक्षा कमी असली (२०११ च्या जनगणनेनुसार, आणि कोकणातली बरीच गावं त्यात येतात) तर २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र. त्याहून दाट गाव असेल तर ५० मीटर.

म्हणून पहिलं काम, तुमच्या गावाचा मंजूर सीझेडएमपी (किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा) नकाशा मिळवा आणि त्यावर तुमचा गट नंबर शोधा. हे नकाशे १:४००० स्केलचे असतात, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जागेवर ४० मीटर, रेषा विहिरीच्या अलीकडून जाते की पलीकडून हे डोळ्याने सांगणं कठीण, मोजणी करून घ्या.

घर ना-विकास क्षेत्रात आलं तरी सगळं संपलं असं नाही. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालते, पण जोतं आणि एफएसआय (जागेच्या मानाने एकूण बांधकाम) आहे तेवढंच, वरचा मजला त्यात बसेल असं धरून चालू नका. घर आधीपासूनचं आहे हे दाखवायला घरपट्टीच्या जुन्या पावत्या, असेसमेंट उतारा, आजोबांच्या नावाचं लाइट बिल, जे सापडेल ते जपून ठेवा (सीआरझेड १९ फेब्रुवारी १९९१ ला आलं, त्याच्या आधीचा कागद मिळाला तर फारच छान). पैसेच कमवायचे असतील तर घराचं जोतं, रूप न बदलता स्थानिक लोकांना होमस्टे करायला वाव आहे, मला विचाराल तर मी कॉटेजपेक्षा तेच करेन. काकांची लेखी संमती मात्र आत्ताच घ्या, अर्ध्या केसेस समुद्राच्या नसतात, भावाभावांच्या असतात.

आता गेलेली जागा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे भरतीरेषेखालचा समुद्राचा तळ सरकारचा, कुणाचा हक्क सिद्ध झालेला असेल तेवढा अपवाद. त्यामुळे सातबाऱ्यावर क्षेत्र जुनंच दिसत असलं तरी तेवढ्या भरवशावर चिरे आणून गडगा पुन्हा पुढे सरकवू नका, धूप थांबवायला बंधारा घालायचा तरी आधी परवानगी लागते. नकाशा हातात आला की परत लिहा, गट नंबर छापणार नाही.