बोअर आणखी खोल नेऊ का? मोसंबी बागायतदाराला उत्तर

प्रश्न (ता. अंबड, जि. जालना): दोन एकर मोसंबी आहे. ४८० फुटांचं बोअर जानेवारीतच गुळण्या टाकतंय, म्हणजे थांबून-थांबून पाणी देतंय. मशीनवाला म्हणतो, ९०० फुटांपर्यंत नेऊ, पाणी हमखास. नेऊ का? तोवर बोअरचं पाणी शेततळ्यात भरून ठेवू का? दुकानदाराने बागेला १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट, विद्राव्य खत) फवारायला पंपाला ४०० ग्रॅम सांगितलंय.

उत्तर: नेऊ नका. मशीनवाल्याचं बिल फुटावर होतं, पाण्यावर नाही. आपल्याखाली काळा पाषाण आहे. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग याच बेसाल्टचा. त्यात पाणी धरतो तो वरचा मुरूम, खडकातल्या भेगा आणि दोन थरांमधली सांध. खाली जाल तशा भेगा मिटत जातात. खोलवर एखादी सांध लागली तरी ते वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी. दोन हंगाम चालतं, मग फुफाटा. शेजाऱ्याची विहीर आटते ती वेगळीच. पाणी बघणाऱ्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून चार-चार बोअर पाडून चारही कोरडी गेलेली शिवारं मी पाहिली आहेत. शिवाय २००९ च्या भूजल कायद्यानुसार ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल सिंचन विहिरीला मनाई आहे. तुमचं बोअर आधीच त्याच्या दुपटीपलीकडे गेलंय, त्यावर काय बोलणार! जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश आपला आहे. चीन आणि अमेरिका मिळूनही तेवढं उपसत नाहीत, तरी आपल्याकडे जानेवारीत टँकर लागतो.

शेततळं बोअरच्या पाण्याने भरणं हा तर शुद्ध तोटा. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यातून उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर वाफ गेली तरी ७,२०० लिटर उडालं. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी तुम्ही वीज जाळून उन्हात आणून ठेवताय. शेततळं पावसाच्या पाण्याने भरायचं.

आता फवारणी. ४०० ग्रॅम अजिबात नको. पाण्याचा ताण असलेल्या झाडावर पानांच्या कडा जळतील आणि मग तोच दुकानदार त्यावर टॉनिक देईल. १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम, म्हणजे १ टक्का. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, भर दुपारी नाही. त्यात दुसरं काही मिसळू नका. पुन्हा सांगतो, १५० ग्रॅम. बुंध्याभोवती पाचट किंवा भुसकटाचा चार बोटं थर द्या, तो या फवारणीपेक्षा जास्त कामाचा. पाणी फारच तुटलं तर फळं उतरवा. बहार पुढच्या वर्षी परत येतो, वाळलेलं झाड येत नाही.

मोटरही बदलू नका. 'साडेसातऐवजी दहा एचपी बसवा' या सल्ल्याने बोअर फक्त लवकर रिकामं होतं.

खर्च करायचाच असेल तर बोअर पुनर्भरणावर, म्हणजे पावसाचं पाणी गाळून बोअरमध्ये मुरवण्यावर करा. ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर एकरी २४ लाख लिटर पाणी तुमच्या डोक्यावर पडतं, त्यातलं बरंचसं ओढ्याने निघून जातं. बोअरभोवती २ मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. खड्ड्यातल्या केसिंगच्या (बोअरच्या पाइपाच्या) खालच्या भागाला ४-५ मिलिमीटरची छिद्रं पाडून वर काथ्या घट्ट गुंडाळा. तळाला मोठे दगड, मग गोटे, मग खडी, वर जाड वाळू. पहिले एक-दोन पाऊस बाहेर काढून द्या. गढूळ पाणी थेट बोअरमध्ये सोडलं तर भेगा गाळाने कायमच्या बुजतात. गोठ्याचं किंवा फवारणीच्या जागेचं पाणी तिकडे वळवू नका. हे काम मेमध्येच उरका. दरवर्षी वाळू धुवा.

ठिबकला अल्प व अत्यल्प भूधारकांना राज्याच्या पूरक अनुदानासह ८० टक्के, इतरांना ७५, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. पूर्वसंमतीआधी दुकानदाराने 'मागची तारीख टाकू' म्हणून संच गळ्यात मारला तर अनुदान विसरा.