वाचकांचे प्रश्न : मॉनिटरचे युनिट आणि बिलाचे युनिट

प्रश्न : मेन स्विचजवळच्या वायरीला क्लॅम्पचा वीज मॉनिटर लावला आहे. महिन्याला तो 212 युनिट दाखवतो, बिल येतं 171चं. खरं कोणाचं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बहुधा मीटरचं. मॉनिटरला व्होल्टेज मोजणाऱ्या दोन वायरी जोडल्यात का ते बघा. नुसता क्लॅम्प असेल तर तो अँपिअर मोजतो, त्याला ठरीव 230 व्होल्टने गुणतो आणि उत्तर वॉट म्हणून दाखवतो. फ्रिज किंवा पाण्याची मोटर असली की हा हिशेब फसतो. 1 अँपिअर घेणारा फ्रिज त्याला 230 वॉटचा वाटतो. पॉवर फॅक्टर, म्हणजे या गुणाकारातला खऱ्या वापराचा वाटा, 0.65 असेल तर खरा वापर 150 वॉटच. घरगुती बिल या खऱ्या वापराचं येतं.

घरीच पडताळून बघा. बाकी सगळं बंद करा, इन्व्हर्टरचं चार्जिंगसुद्धा (हे हमखास राहून जातं). 1000 वॉटचा रॉड आधी पाण्यात सोडा, मगच बटण चालू करा. मीटरवर 3200 इम्पल्स लिहिलं असेल, तर युनिटमागे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकतो. पहिली लुकलुक शून्य धरून 20 मोजा आणि लागलेल्या सेकंदांनी 22,500 ला भागा. 27 सेकंद लागले तर 833 वॉट. रॉडवर 1000 छापलंय म्हणून दचकू नका. व्होल्टेज 210 वर उतरलं की रॉड एवढंच घेतो. मॉनिटर मात्र तेव्हा 913च्या आसपास दाखवेल, कारण त्याने 230 धरलेत. रॉडला पॉवर फॅक्टरचा प्रश्नच नसतो, म्हणून इथला फरक व्होल्टेजचा किंवा क्लॅम्पचा. जबडा पुरता मिटलाय ना, तेही बघा. मग हेच एकट्या फ्रिजवर करा, म्हणजे पॉवर फॅक्टरचा फरक वेगळा कळेल.

नवा घ्यायचा तर व्होल्टेजही मोजणाराच घ्या. आणि महिन्याची तुलना रीडिंग घेतल्याच्या तारखेपासून करा, एक तारखेपासून नव्हे.

प्रश्न : क्लॅम्प लावला, घरात सगळं चालू आहे, तरी मॉनिटर शून्यावरच.
– एक वाचक, कराड

उत्तर : बहुधा क्लॅम्प फेज आणि न्यूट्रल दोन्हींभोवती बसलाय. जाणारा आणि परत येणारा करंट एकमेकांना खोडतात. तो एकट्या फेजवर हवा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मेन स्विच पाडला तरी मीटरकडून येणारी वायर जिवंतच असते.