पाणी जातंय कुठे? तापणाऱ्या जुन्या गाडीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी २००४ ची मारुती ८०० आहे. शहरात ठीक चालते, पण तुळजापूरचा घाट चढताना काटा लाल खुणेकडे जातो. दर तीन-चार दिवसांनी अर्धा लिटर पाणी घालावं लागतं, गाडीखाली ओल मात्र दिसत नाही. गॅरेजमध्ये आधी थर्मोस्टॅट काढून टाकला, फरक पडला नाही. आता हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल असं सांगतात. खरंच तसं असेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : असू शकतं, पण एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. हेड म्हणजे इंजिनच्या ब्लॉकवरचं झाकण, आणि त्या दोघांमधलं पातळ सील म्हणजे हेड गॅस्केट. चोंदलेला रेडिएटर, दाब न धरणारी कॅप, झिजलेला वॉटर पंप यांनीही गाडी अशीच वागते. हेड एकदा उतरवलं की गॅस्केट, फेसिंग (हेडचा खालचा भाग सपाट घासणं), बेल्ट, मजुरी हा सगळा खर्च आलाच. मूळ दोष रेडिएटरचा निघाला तर नवं गॅस्केटही त्याच घाटात जळेल. म्हणून स्वस्त तपासण्या आधी.

सर्वात आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, परत बसवा. तो काढल्याने तापण्याचं कारण जात नाही, फक्त लक्षण झाकलं जातं. शिवाय इंजिन थंडच राहतं आणि पेट्रोल जास्त खातं. थर्मोस्टॅट तपासायचा तर दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडा आणि थर्मामीटर लावून पाणी तापवा. ८२ किंवा ८८ अंश, जो आकडा त्यावर कोरलेला असेल त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे.

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटर कॅप काढून उलटी करा. खालचं रबर कडक झालंय, चिरलंय, की त्यावर क्षार बसलाय ते बघा. कॅप दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं आणि रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या छोट्या टाकीवाटे निघून जातं. गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला, तर कॅपमधली मधली छोटी झडप अडकलीय. टाकीत गेलेलं पाणी ती परत ओढून घेऊ देत नाही. कॅपची किंमत किरकोळ आहे, संशय असेल तर बदलून टाका. मात्र तेवढ्याच दाबाची घ्या, जास्त दाबाची नको.

पाणी बाहेरच कुठे जात नाही ना, हेही नीट बघा. जमिनीवर थेंब नाही म्हणजे गळती नाही असं होत नाही. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून झिरपणारं पाणी गरम इंजिनवर जागीच सुकतं आणि मागे पांढरा ओघळ राहतो. टॉर्च लावून तो शोधा. ब्लॉकमध्ये ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या वर्षानुवर्षं नुसत्या पाण्यावर गंजतात, त्यांच्याभोवती तांबूस डाग असतो. डाव्या सीटच्या पायाखालचा गालिचा ओला किंवा चिकट लागला तर हीटरचा कोअर, म्हणजे त्यातला छोटा रेडिएटर, गळतोय.

इथवर काही सापडलं नाही, तर गॅस्केटकडे वळायचं. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर पहिली तपासणी करा. कॅप घट्ट लावून इंजिन चालू करा आणि मिनिटाभरात वरचा होज पाइप हाताने दाबून बघा. पाणी अजून गार आहे, म्हणजे पाइप मऊच असायला हवा. तो टणक लागला तर सिलेंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. आमच्या मते घरच्या घरी करण्याजोगी याहून चांगली तपासणी नाही.

मग इंजिन पुन्हा थंड झाल्यावर कॅप काढा, पाणी काठोकाठ भरा, गाडी चालू करून बुडबुडे बघा. इथेच घाईने चुकीचा निष्कर्ष निघतो. नुकतंच पाणी बदललं असेल तर अडकलेली हवा दहा-पंधरा मिनिटं बाहेर येत राहते, तो दोष नव्हे. गॅस्केटचे बुडबुडे थांबत नाहीत. ॲक्सिलरेटर दाबला की ते वाढतात आणि पाणी उसळून बाहेर येतं. चेहरा लांब ठेवा.

तिन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. दोन तपकिरी आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलेंडरमध्ये पाणी जातंय. तिथे वाफ तयार होते आणि काजळी टिकत नाही. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर तोही त्याच बाजूचा पुरावा. डिसेंबरच्या सकाळी दोन-चार मिनिटं येणारी वाफ मात्र सोडून द्या. ऑइलच्या झाकणाखालच्या पांढरट सायीचंही तसंच, थोडं थोडं अंतर चालणाऱ्या गाडीत ती ओलाव्यामुळे येते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ दिसलं तर मात्र इंजिन चालूच करू नका. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं.

शेवटचा शिक्कामोर्तब गॅरेजमध्ये. प्रेशर टेस्टर लावून कॅपवर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब भरा आणि पंधरा मिनिटं थांबा. काटा उतरला आणि बाहेर कुठे ओल नसेल, तर प्लग काढून सेल्फ मारायला सांगा. ज्या भोकातून तुषार उडेल तो सिलेंडर दोषी. नळीत भरून रेडिएटरच्या तोंडावर धरायचं, वायू ओळखणारं निळं द्रव असेल तर तेही वापरावं. पेट्रोल इंजिनाचा वायू लागला की ते पिवळं होतं. पाण्याची पातळी आधी थोडी कमी करायची, नाहीतर पाणीच त्यात ओढलं जातं.

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब, बघताना तिन्ही प्लग काढलेले, पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचा कनेक्टर काढलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा. एखादाच सिलेंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलेंडर एकदम कमी असले, तर त्या दोघांमधली गॅस्केटची पट्टी जळलेली असण्याची शक्यता मोठी.

पुरावा मिळाला आणि हेड उतरलं, तर नुसतं गॅस्केट बदलून घेऊ नका. तुमच्या गाडीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, तापल्यावर ते वाकतं. सरळ पट्टी लांबीने, रुंदीने आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली ०.०५ मिलिमीटरची फिलर पाती (फट मोजायची पातळ पट्टी) सरकते का ते बघायला सांगा. सरकली तर फेसिंग हवं, पण गरजेपुरतंच. जास्त घासलं तर कॉम्प्रेशन वाढून इंजिन ठोकायला लागतं. ब्लॉकचा वरचा भागही तसाच तपासावा, आणि हेडला चीर नाही ना याची प्रेशर टेस्ट करून घ्यावी. बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी साचलेलं असेल तर हवा मारून काढायचं. ते राहिलं तर बोल्टचा ताण खोटा भरतो आणि ब्लॉक तडकूही शकतो. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळावेत. टायमिंग बेल्ट तसाही उतरतोच, म्हणून बेल्ट आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलणं फायद्याचं.

प्रश्न : कूलंट महाग पडतं. आमच्या बोअरचं पाणी घातलं तर काय बिघडतं?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : सोलापूरकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, ते गिझरची कॉइल बघितली की कळतं. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. वरच्या वाचकांच्या गाडीतही पहिला संशय आम्हाला त्याचाच आहे. इंजिन तापवून बंद करा आणि फॅनची वायर काढून रेडिएटरच्या जाळीवर जपून हात फिरवा. मध्येच गार पट्टे लागले तर तेवढ्या नळ्या बुजल्यात. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर उघडून साफ करता येतो, ॲल्युमिनियमचा बहुधा बदलावाच लागतो.

दुसरी गोष्ट उकळण्याची. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, इथे उघड्यावर पाणी शंभराच्या थोडं आधीच उकळतं. कूलंट निम्मं मिसळलं की ती मर्यादा काही अंश वर जाते, कॅपच्या दाबाने आणखी वर, आणि गंजही रोखला जातो. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी घाला. छोट्या गाडीला सगळं मिळून चार लिटरच्या आत लागतं, त्यामुळे कूलंट दोन लिटरही पुरेल.

प्रश्न : रस्त्यातच काटा लालवर गेला तर काय करावं?
— एक वाचक, बाळे

उत्तर : एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, त्याचा पंखा जोरात. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. गाडी बाजूला घ्या. वाफ नसेल आणि फॅन फिरत असेल तर मिनिटभर इंजिन चालू राहू द्या, वाफ दिसली तर लगेच बंद करा. कॅपला अर्धा-पाऊण तास हात लावू नका. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड त्यानेच तडकतं. आणि लालवर गेलेला काटा अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की काटा असाच पडतो. तेव्हा गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नका, टोइंग बोलवा.

प्रश्न : गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद घालतात. घालावी का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : आडरानात रेडिएटर झिरपत असेल तर चमचाभर हळदीने गॅरेजपर्यंत पोचता येतं. पोचल्यावर सगळं पाणी काढून रेडिएटर धुवून घ्या, नाहीतर तीच हळद नळ्या बुजवते. गॅस्केट गेलं असेल तर हळद किंवा बाजारातली गळती थांबवणारी पावडर, दोन्हींच्या नादी लागू नका.