रूट परवानगी नसताना कॉलेजच्या सर्व्हरवर नवा जीसीसी सोर्सवरून बांधता येतो का? किती वेळ लागतो?

येतो. जीसीसी म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम करून देणारा कंपायलर. तो स्वतःच्या होम डिरेक्टरीत बांधायचा, रूट, म्हणजे सर्व्हरच्या मालकाचे अधिकार, लागत नाहीत. आणि तुझ्या सिनियरचं म्हणणं साफ चूक आहे.

तू प्रश्नाखाली लिहिलंयस की सर्व्हरवर सेंटओएस ७ ही लिनक्स आहे, जीसीसी ४.८.५ आहे, तुला सी प्लस प्लस २० चा (त्या भाषेच्या २०२० च्या आवृत्तीचा) कोड चालवायचाय, आणि सिनियर म्हणतो, 'फिजिक्सवाल्यांनी कंपायलर बांधायच्या भानगडीत पडू नये.' हे वाक्य मी जसंच्या तसं ऐकलेलं आहे. फक्त फिजिक्सच्या जागी केमिस्ट्री होतं. म्हणून तर लिहायला बसले. वयाने मोठी आहे, तेव्हा 'तू'च म्हणते.

२०१५ चा जानेवारी. मी पुण्यात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरांवर, सेंटओएस ६ होती, तिच्यासोबत येणारा जीसीसी ४.४.७. मला जो प्रोग्राम चालवायचा होता त्यात सी प्लस प्लस ११ चं रेजेक्स, म्हणजे मजकुरात नमुने शोधायची सोय, वापरलं होतं. जीसीसी ४.८ मध्ये रेजेक्सची हेडर फाइल आहे, कोड कंपाइलसुद्धा होतो, पण आतलं काम पूर्ण केलेलं नाही. खरं रेजेक्स ४.९ पासून. म्हणजे मला ४.९ च हवा होता. सिस्टमवाल्यांना दोन मेल केले, उत्तर आलं नाही. लॅबमधल्या सिनियरला विचारलं तर त्याने ते वरचं वाक्य ऐकवलं, तेही सगळ्यांसमोर.

मग मी ४.९.२ चा सोर्स उतरवला. जीसीसीला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या आकडेमोडीच्या तीन लायब्रऱ्या लागतात. त्या आणून देणारी एक स्क्रिप्ट सोर्समध्येच कॉन्ट्रिब फोल्डरात असते, पण आमचा सर्व्हर प्रॉक्सीच्या मागे, स्क्रिप्ट तिथेच अडकायची. शेवटी तिन्ही लॅपटॉपवर उतरवून एससीपीने (फाइल पाठवायच्या कमांडने) सर्व्हरवर चढवल्या, जीसीसीच्या सोर्समध्ये सोडवल्या आणि फोल्डरांच्या नावातले आवृत्तीचे आकडे काढून टाकले. नुसतं जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी. अशी नावं दिसली की जीसीसी त्या स्वतःबरोबर आपोआप बांधून घेतो. हे कळेपर्यंत मी प्रत्येक लायब्ररी वेगवेगळी बांधत बसले होते.

कॉन्फिगर, म्हणजे बांधणीची तयारी करणारी स्क्रिप्ट, आधी ३२ बिटच्या लायब्रऱ्या नाहीत म्हणून अडला. त्याला 'डिसेबल मल्टिलिब' हा पर्याय दिला की प्रश्न मिटतो. तूही दे, तुला ३२ बिटचं काही बांधायचं नाहीये. त्यानंतर आली ती खरी अडचण. 'लायब्ररी पाथमध्ये चालू डिरेक्टरी असता कामा नये' एवढा एरर आणि काम बंद. लायब्ररी पाथ म्हणजे लायब्रऱ्या कुठे शोधायच्या त्या पत्त्यांची, कोलनने जोडलेली यादी. मी तो व्हेरिएबल दहा वेळा छापून पाहिला, त्यात चालू डिरेक्टरी कुठेच दिसेना. दोन दिवस गेले. अखेर एकेक अक्षर बघत गेले तेव्हा दिसलं की ओळीच्या शेवटी एक कोलन लोंबतोय. कोलननंतर काही नसलं तर त्या रिकाम्या जागेचा अर्थ चालू डिरेक्टरी असा घेतला जातो. तो कोलन आला कुठून? लॅबमधल्या आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून कॉपी केलेल्या बॅशआरसी फाइलमधून, म्हणजे लॉगिन केल्यावर आपोआप चालणाऱ्या सेटिंगच्या फाइलमधून. जुन्या किमतीच्या पुढे नवा पाथ जोडणारी ती ओळ होती, आणि जुनी किंमत रिकामी असली की कोलन तसाच मागे राहतो. ती फाइल त्याच सिनियरची होती. मी त्याला दाखवलं. त्याने 'हं' म्हटलं.

पुढे लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथून आत येतात त्या मशीनवर, एकावेळी आठ कामं लावून मेक (प्रत्यक्ष बांधणी करणारी कमांड) चालवला तर कुणीतरी प्रोसेसच मारून टाकली. ते बरोबरच होतं, लॉगिन नोड सगळ्यांचा असतो. मग पीबीएसच्या, म्हणजे क्लस्टरची कामं वाटून देणाऱ्या प्रोग्रामच्या, रांगेत जॉब म्हणून लावला. तो तिसऱ्या टप्प्यात जाऊन मेला, कारण होमचा ५ जीबीचा कोटा भरला.

हा तिसरा टप्पा काय हे तुला माहीत असायला हवं, म्हणजे 'एवढा वेळ का लागतो' याचं उत्तर मिळेल. जीसीसी एकदा नाही, तीनदा बांधला जातो. आधी सर्व्हरवरचा जुना कंपायलर नव्याचा सोर्स कंपाइल करतो. त्यातून निघालेला कंपायलर तोच सोर्स पुन्हा कंपाइल करतो. त्यातून निघालेला परत एकदा. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेच्या ऑब्जेक्ट फाइल्स ताडून पाहतात. फरक निघाला तर काहीतरी बिघडलंय. या सगळ्याला बूटस्ट्रॅप म्हणतात.

त्या रात्री सांगलीहून आईचा फोन आला, एवढ्या उशिरा जागी का म्हणून. मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग विरजणासारखंच की गं. पहिलं शेजारनं आणायचं, त्याचं दही लावायचं, त्या दह्याचं परत विरजण. दोन-तीन खेपा झाल्या की आपल्या घरची चव उतरते." माझी आई सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिला बूटस्ट्रॅप एका फोनमध्ये समजला. कुठल्या शाखेच्या माणसाला काय झेपतं हे मला कुणी सांगायला आलं की मला तो फोन आठवतो.

आणि तिची उपमा नुसती गोड नाही, पुढेही जाते. युनिक्स घडवणारे केन थॉम्पसन यांनी संगणकशास्त्रातल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात, ते १९८४ साली छापून आलं, हेच मांडलं होतं. कंपायलरच्या बायनरीत एकदा खोट घुसली तर सोर्स कितीही स्वच्छ असो, ती खोट नव्याने बांधलेल्या प्रत्येक कंपायलरमध्ये उतरत राहते. विरजणच नासकं असेल तर दूध चांगलं असून काय उपयोग.

तुझ्यासाठी कामाची गोष्ट अशी की प्रत्येक विरजण प्रत्येक दुधाला चालत नाही. ४.८ पासून जीसीसी स्वतः सी प्लस प्लसमध्ये बांधला जातो, आणि जीसीसी ११ पासून तो बांधायलाच सी प्लस प्लस ११ जाणणारा कंपायलर लागतो. तुझ्या ४.८.५ ला ते येतं, म्हणून तू थेट जीसीसी १३ वर उडी मारू शकतेस. आमच्या ४.४.७ वरून ते जमलं नसतं, मध्ये एक पायरी घ्यावी लागली असती. जीसीसी १५ च्या नादी लागू नकोस, त्याला सी प्लस प्लस १४ हवं.

आमचा शेवटी झाला. बिल्डचं फोल्डर स्क्रॅचवर, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या मोठ्या डिस्कवर, हलवलं, सोळा कोअरचा नोड मिळाला आणि पहाटे लॉगमध्ये तुलना यशस्वी झाल्याची ओळ दिसली. मी ती ओळ फोनवर फोटो काढून ठेवली होती. प्रोग्राम चालवला तर तो जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.२० (सी प्लस प्लसच्या लायब्ररीची नवी आवृत्ती) सापडत नाही म्हणून पडला. म्हणजे कंपायलर नवा, पण चालवताना लायब्ररी सिस्टमचीच जुनी उचलली जात होती. लिंक करताना आरपाथमध्ये, म्हणजे प्रोग्राममध्येच नोंदवलेल्या लायब्ररीच्या पत्त्यात, आपल्या नव्या जीसीसीच्या लिब६४ फोल्डरचा पत्ता द्यायचा. हे तुलाही होणार, घाबरू नकोस.

वेळेचं म्हणशील तर मशीनवर आहे. सोळा कोअरवर आमचा तासाच्या आत झाला. चार कोअरवर दोन-तीन तास धर, १३ आमच्या ४.९ पेक्षा बराच मोठा आहे. सोर्सच्या फोल्डरमध्ये उभं राहून कॉन्फिगर चालवू नकोस, बिल्डला वेगळं फोल्डर कर. निदान १० जीबी जागा मोकळी ठेव. मेक मध्येच 'किल्ड' म्हणून मेला तर बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते, जॉब कमी कर. भाषांमध्ये सी आणि सी प्लस प्लसबरोबर फोरट्रान घालायला विसरू नकोस. फिजिक्सच्या लॅबमध्ये कुणीतरी आठवड्याभरात मागायला येईलच. बूटस्ट्रॅप बंद करून वेळ वाचतो, पण ४.८.५ इतक्या जुन्या कंपायलरवरून बांधताना मी तरी बंद करणार नाही.

आता एक गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती. सर्व्हरवर 'मॉड्यूल अव्हेल' चालवून बघ, उपलब्ध सॉफ्टवेअरची यादी दिसते. नवा जीसीसी आधीच बांधून ठेवलेला असू शकतो. किंवा कोंडा (तयार सॉफ्टवेअर होममध्येच बसवून देणारं साधन) वापरायची परवानगी असेल तर त्यात तयार मिळतो, पंधरा मिनिटांचं काम. पुढच्या आठवड्यात सबमिशन असेल तर तेच कर. आणि ग्लिबसी, म्हणजे सिस्टमची मूळ सी लायब्ररी, मात्र स्वतः बदलायला जाऊ नकोस. तो वेगळाच प्रकार आहे, त्यात सगळं कोसळू शकतं. पण सबमिशन लांब असेल तर बांध. सिनियरला विचारू नकोस, झाल्यावर सांग.

आणि झाल्यावर काय होतं तेही ऐक. माझा कंपायलर महिन्याभरात सगळी लॅब वापरायला लागली. माझ्या सिनियरने त्याची मॉड्यूल फाइल (तो सगळ्यांना निवडता यावा म्हणून केलेली नोंद) तयार केली आणि त्यात बांधणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव घातलं. ग्रुप मीटिंगमध्ये म्हणाला, 'स्क्रिप्ट चालवली की होतं, विशेष काही नाही.' मी तेव्हा गप्प बसले. आज बसले नसते.

म्हणून तू कॉन्फिगर करताना 'विथ पीकेजीव्हर्जन' हा पर्याय दे आणि त्यात तुझं नाव आणि साल लिही. मग जो कुणी तो कंपायलर वापरून आवृत्ती विचारेल त्याला ते दिसेल. मला हा पर्याय तेव्हा माहीत नव्हता. तरी जीसीसी ला 'व्ही' देऊन चालवलं की तो कोणत्या कॉन्फिगर ओळीने बांधला गेला ती पूर्ण ओळ छापतो, प्रीफिक्ससकट, म्हणजे तो जिथे बसवला त्या पत्त्यासकट. माझा प्रीफिक्स माझ्या होममधला होता. मॉड्यूल फाइलमध्ये नाव कुणाचंही असो, लॅबमध्ये ज्याने ज्याने 'व्ही' देऊन पाहिलं त्याच्या स्क्रीनवर माझंच लॉगिन नाव यायचं.