हप्ता सुरू होईल तेव्हा तुम्ही निवृत्त असाल

तुम्ही एसटीच्या आगारात मेकॅनिक, वय 51, वर्षाचं उत्पन्न साडेसहा लाख, ओबीसी. मुलगी बारावी सायन्स झाली. तिला आयटी आणि कायदा एकत्र शिकवणारा सहा वर्षांचा बी.टेक. एलएल.बी. करायचाय, परराज्यातल्या खासगी विद्यापीठात. त्यासाठी घर तारण ठेवून 15 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढू का, असं विचारलंय.

पोरीने विषय चांगला हेरलाय. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यामुळे कोड आणि कलम दोन्ही कळणाऱ्यांना काम आहे. माझी हरकत फक्त कर्जाला आहे.

दरवर्षी अडीच लाखांची उचल, व्याज 10 टक्के धरू. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, पण व्याज चढतच राहतं. सरळव्याजाने ते 6 लाख 75 हजार होतं. म्हणजे फेड सुरू होताना डोक्यावर 21 लाख 75 हजार, आणि पुढची दहा वर्षं महिन्याला साधारण 28,700 रुपये. तेव्हा तुम्ही 58 चे. ईपीएस-95, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची पेन्शन साडेसात हजारांच्या आसपासच थांबते. वकिलीतली पहिली वर्षं तर ज्युनिअर म्हणून तुटपुंज्या पैशांत जातात. हप्ता चुकला तर जाणार तुमचं घर.

त्यापेक्षा तिने महाराष्ट्रातच कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, कम्प्युटर किंवा आयटी इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यावा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मग सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. एकूण सात वर्षं, म्हणजे एकच वर्ष जास्त. चौथ्या वर्षी पदवी हातात असेल, मन बदललं तर ती नोकरीला लागू शकेल. पेटंट एजंटची (इतरांच्या वतीने पेटंटचे अर्ज करणारा) परीक्षाही इंजिनिअरिंगच्या पदवीवर देता येते, त्याला एलएल.बी. लागत नाही. अडचण एकच: एलएल.बी.ला 70 टक्के हजेरी लागते, त्यामुळे पूर्णवेळ नोकरी करत ते जमणार नाही. त्या तीन वर्षांची तजवीज आतापासून करा. महिना पाच हजारांची आवर्ती ठेव काढली, तर चार वर्षांत अडीच लाखांच्या वर जमतील.

तरी तिचा हट्ट राहिलाच, तर मध्येच सोडल्यास कोणती पदवी मिळते, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. आणि वरचा हिशेब तिच्यासमोर मांडा. ती 18 ची आहे. कर्जदार म्हणून पहिली सही तिचीच असेल.