दिवेलागणीच्या वेळी कुठं असायचं

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

इमारतींचे फोटो काढण्याचं काम कसं शिकावं आणि घरात लहान मूल असताना ते निभावेल का, असे दोन प्रश्न तू एका दमात विचारलेस. ते एकत्र विचारलेस हे बरं झालं, कारण या कामात ते वेगळे काढताच येत नाहीत. आपल्याला हवा असलेला उजेड दिवसातून दोनदा येतो, झुंजुमुंजू झाल्यावर आणि दिवेलागणीला. घराला तुझी गरज नेमकी याच दोन वेळी असते. ज्याला उजेड आधी वाचता येत नाही, तो दोन्ही वेळा साइटवर घालवतो. ज्याला येतो, त्याची एक वेळ तरी घरी जाते. म्हणून सुरुवात उजेडापासून.

साइट पाहायला जाशील तेव्हा कॅमेऱ्याआधी होकायंत्र काढ. दर्शनी भिंत कोणत्या दिशेला तोंड करून आहे, ते अंशांत लिहून घे. सूर्याची वाट दाखवणारी ॲप्स फोनवर मिळतात. त्यांत कामाची तारीख टाकून सूर्य त्या भिंतीवर किती वाजता येतो आणि किती वाजता उतरतो ते बघ. सूर्य तुझ्या पाठीशी सरळ असेल तर भिंत सपाट, पुठ्ठ्यासारखी दिसते. तो भिंतीला ३० ते ४५ अंशांनी तिरका आला की खिडक्यांची खोली, विटांचे सांधे, छज्ज्यांच्या सावल्या उठून दिसतात. त्याहून तिरका झाला तर गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा दिसायला लागतो आणि ते कुणालाच आवडत नाही. बहुतेक भिंतींना हा चांगला काळ तास-दीड तासाचा मिळतो. तो कळला की उरलेला दिवस आतल्या खोल्यांसाठी मोकळा.

आता संधिप्रकाश. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीचा फोटो घेताना तू पूर्वेकडे पाहत असतोस. सूर्यास्तानंतर मागचं आकाश लवकर गडद निळं होतं आणि समोरच्या भिंतीवर पश्चिमेचा उरलेला उजेड पडत राहतो. ही भिंत संध्याकाळची. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीसाठी संध्याकाळी थांबलास तर उजळ आकाशासमोर ती काळीठिक्कर दिसेल. तोच मेळ तिला पहाटे मिळतो. तेव्हा पूर्वाभिमुख इमारतीसाठी ग्राहक ‘संध्याकाळचा शॉट हवाच’ म्हणाला, तर त्याला हे नकाशा काढून समजाव. पहाटे रस्ता रिकामा असतो, गाड्या नसतात, वाराही सहसा कमी असतो, आणि ती संध्याकाळ तुझी राहते. अडचण एकच. पहाटे दिवे लावायला कुणी नसतं. आदल्या दिवशी रखवालदाराबरोबर फिरून कोणती बटणं कुठं आहेत ते बघून ठेव, ट्रायपॉडच्या पायांपाशी जमिनीवर खडूच्या खुणा कर, चौकट आदल्या दिवशीच ठरव. अंधारात जागा शोधत बसलास तर वेळ निघून जाईल.

संध्याकाळच्या शॉटची कृती अशी. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी कॅमेरा पक्का बसलेला असावा, आणि त्यानंतर त्याला हात लागता कामा नये. सगळे दिवे लावून घे, पडदे उघड. हालचालीवर चालणारे दिवे पाच-दहा मिनिटांत विझतात, म्हणून आत एक माणूस फिरता ठेव. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८. सूर्यास्ताला साधारण अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर येतं, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं राहतं. विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशांत त्यानंतर दर तीन-चार मिनिटांना उजेड एका स्टॉपने (निम्म्याने) उतरतो, म्हणजे बारा-पंधरा मिनिटांत तू चार ते आठ सेकंदांवर पोचतोस. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा नागरी संधिप्रकाश तिथं वीस-पंचवीस मिनिटं टिकतो, उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही. त्यातली खिडक्यांमधला पिवळा आणि आकाशातला निळा एकमेकांना तोलून धरतात अशी मिनिटं दहाच. दर मिनिटाला एक फ्रेम घेत राहा. कॅमेरा हलला नसेल, तर एका फ्रेममधलं आकाश, दुसरीतल्या खिडक्या, तिसरीतल्या गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा असं नंतर जोडता येतं.

ही जोडणी संगणकाने आणलेली नाही. लॉस एंजेलिसमधलं आर्किटेक्ट पिअर कोनिग यांचं टेकडीवरचं काचेचं घर छायाचित्रकार ज्युलियस शुलमन यांनी १९६० साली टिपलं. खालच्या शहराच्या दिव्यांसाठी शटर सुमारे सात मिनिटं उघडं होतं, आणि त्याच फिल्मवर घरात बसलेल्या दोन तरुणींसाठी फ्लॅशचा उजेड टाकला होता. तेव्हा हे कॅमेऱ्यासमोरच जमवावं लागे, म्हणून ते आधी डोक्यात स्पष्ट असे. तुलाही ते आधीच ठरवता आलं, तर रात्री संगणकापुढे बसून ‘कोणतं आकाश घेऊ’ हा घोळ होणार नाही.

ढगाळ दिवसाला मात्र घाबरू नकोस. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, कोळशाच्या खाणींचे मनोरे दशकानुदशकं एकत्र टिपले, ते मुद्दाम ढगाळ आकाशाखाली, कारण सावल्या नसल्या की आकार स्पष्ट वाचता येतो. काचेच्या आणि गडद रंगाच्या इमारतींना, उत्तराभिमुख भिंतींना, झाडांनी वेढलेल्या अंगणांना असाच उजेड मानवतो. या जागा कामाच्या यादीत वेगळ्या ठेवल्यास तर ढग आले म्हणून अख्खा दिवस फुकट जात नाही.

लेन्सबद्दल तू बरंच वाचलेलं दिसतंस, तरी एक गणित मनात पक्कं कर. कॅमेरा वर वळवला की सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही, म्हणून उभ्या रेषा वर जाताना जवळ येतात आणि इमारत मागे रेलल्यासारखी दिसते. उपाय म्हणजे कॅमेरा सरळ ठेवून लेन्स वर सरकवायची. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा असतो. २४ मिमीची शिफ्ट लेन्स साधारण १२ मिमी सरकते. आडव्या चौकटीत पूर्ण शिफ्ट दिली की मधोमध असलेलं क्षितिज थेट खालच्या कडेवर येतं. म्हणजे कॅमेऱ्यापेक्षा २० मीटर उंच असलेली इमारत २० मीटरवरून कडेपर्यंत मावते. उभ्या चौकटीत तीच १६ मीटरवरून मावते. शिफ्ट नसती तर आडव्या चौकटीला ४० मीटर मागे जावं लागलं असतं, आणि रस्ता क्वचितच तेवढा रुंद असतो. साइटवर अंतर पावलांनी मोजून पाहिलंस तर कोणती लेन्स न्यायची ते घरीच ठरतं आणि पिशवीतलं वजन कमी होतं.

पण शिफ्ट शेवटपर्यंत ताणलीस की इमारतीचा माथा ओढल्यासारखा लांबतो आणि कोपरे मऊ पडतात. जागा असेल तर मागे जा आणि ८-९ मिमीवर थांब. काही कॅमेऱ्यांचं उजेड मोजणारं मीटर लेन्स सरकवल्यावर चुकतं, म्हणून एक्स्पोजर शिफ्ट देण्याआधी मोजून हातानेच पक्कं कर. फोकस स्क्रीनवर दहापट मोठं करून हाताने. शिफ्ट लेन्स परवडत नसेल तर रुंद लेन्स पातळीत धरून खालची अर्धी जमीन कापून टाक. पिक्सेल जातात, रेषा राहतात. मी तरी पहिलं वर्ष असंच काढायला सांगेन, कारण पातळीची सवय त्यातच लागते.

ट्रायपॉड जड घे, दात्यांच्या चाकांवर अंश-अंश फिरणाऱ्या डोक्याचा. मधला दांडा वर काढू नकोस, वाऱ्यात तोच हलतो. ट्रायपॉडवर हादरे शोषणारं स्थिरीकरण बंद. एफ ८ ते ११ च्या पुढे जाण्याची गरज क्वचित पडते. एफ १६ पासून प्रकाश पसरून चित्र मऊ पडायला लागतं.

आतल्या खोल्यांत सर्वाधिक चुका उंचीच्या होतात. डोळ्यांच्या उंचीवरून काढलास तर नुसती जमीन दिसते. बैठकीच्या खोलीत ११० ते १३० सेंमी, झोपण्याच्या खोलीत ९० ते १००, स्वयंपाकघरात ओट्याचा वरचा भाग जेमतेम दिसेल एवढी. दुसरी चूक मिसळलेल्या उजेडाची. खिडकीतून साधारण ५५०० केल्विन (आकडा मोठा तितका उजेड निळसर), दिव्यांतून २७०० ते ३०००, त्यात एखादा हिरवट एलईडी. एकाच व्हाइट बॅलन्सने (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेल्या रंगांच्या जुळणीने) तिन्ही सुधारत नाहीत. एक फ्रेम दिवे बंद करून घे, एक लावून, आणि तिसरी पांढऱ्या छतावर फ्लॅश मारून. भिंतीचा खरा रंग बहुधा तिसरीतच सापडतो. प्रत्येक खोलीची पहिली फ्रेम करड्या कार्डाची, नंतर रंग जुळवायला. ब्रॅकेट करताना, म्हणजे एकच चौकट कमी-जास्त एक्स्पोजरने घेताना, फक्त शटर बदल, ॲपर्चर बदललंस तर फ्रेम एकमेकांवर बसणार नाहीत. काही एलईडी दिव्यांखाली शटर जलद ठेवलं तर पट्टे येतात. ट्रायपॉड आहेच, तेव्हा पाव सेकंद ठेव. त्यात चालणारा माणूसही हवा तेवढा पुसट होतो. रुंद लेन्सवर पोलरायझर (चकाकी कापणारं फिल्टर) लावलास तर आकाशाचा एक भाग काळा पडतो. तो काचेवरचं प्रतिबिंब कापायला वेगळ्या फ्रेमसाठी वापर.

फ्रेम घेण्याआधी खोलीत हात घाल. वायरी, रिमोट, कचऱ्याच्या बादल्या बाहेर. पडदे सारख्या उंचीवर. खुर्च्या खोलीत कशा दिसतात ते सोड, कॅमेऱ्यात सरळ दिसल्या पाहिजेत. मूळ जागांवर आधी चिकटपट्टीची खूण कर. पाच मिनिटांचं हे काम राहिलं तर संगणकावर तासभर जातो, आणि तो तास घरातून कापला जातो. रीटचिंगमध्ये तात्पुरतं असेल ते काढ. कायमचा खांब, पाइप, शेजारची इमारत काढू नकोस. फोटो पाहून इमारत पाहायला गेलेल्या माणसाला ती तशीच दिसली पाहिजे.

आता करार. फोटोचे हक्क तुझ्याकडे, वापराचा परवाना ग्राहकाकडे, हे लेखी असू दे. कोणत्या माध्यमात, किती काळ, किती फेऱ्या दुरुस्त्या, तेही. एकाच इमारतीचे फोटो आर्किटेक्ट, बांधकाम करणारा, अंतर्गत सजावट करणारा आणि खिडक्या-दिवे पुरवणारे सगळ्यांना हवे असतात. काम सुरू होण्यापूर्वी त्यांना एकत्र आणून प्रत्येकाला वेगळा परवाना दे. एका दिवसाच्या कामाचे तीन परवाने गेले, की महिन्यातले दोन दिवस बाहेर पडावं लागत नाही. बरेच जण हे मागायला लाजतात आणि मग प्रत्येक शनिवार-रविवार विकतात.

सुट्टीच्या दिवसांचा पेच खरा आहे. शाळा आणि कार्यालयं तेव्हाच रिकामी असतात. महिन्यातले दोनच शनिवार-रविवार कामाला द्यायचे हे वर्षाच्या सुरुवातीला ठरव, आणि वाढदिवस, शाळेचे कार्यक्रम, आई-वडिलांच्या तपासण्या दिनदर्शिकेत ग्राहकांच्या आधी लिही. प्रत्येक कामासोबत खराब हवामानासाठी एक राखीव तारीख ठेवावी लागते. ती घरच्या दिनदर्शिकेवरही पेन्सिलीने लिही. नुकसान सहसा ठरलेल्या दिवसाने होत नाही, अचानक उगवलेल्या दुसऱ्या दिवसाने होतं. बायकोला ती तारीख आधी माहीत असली तर ती त्याप्रमाणे आपलं काम लावू शकते. तिचंही काम आहे, हे विसरू नकोस.

संकलन रात्री करू नकोस. दमलेला डोळा रंग ओळखत नाही, खोलीतल्या पिवळ्या दिव्यात चित्र नको तेवढं निळं भासतं, आणि अंधारात स्क्रीन प्रखर भासल्याने छापील प्रत भलतीच येते. स्क्रीन मोजून जुळवलेली, तेजस्विता दर चौरस मीटरला १०० ते १२० कँडेला, खोलीत स्थिर उजेड, आणि वेळ मूल शाळेत असतानाची. एका दिवसाच्या चित्रणामागे संकलनाचे दोन दिवस धरूनच तारीख दे. घरी आल्यावर मात्र एक काम झोपण्याआधी झालंच पाहिजे. कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकदम लिहिलेलं, त्याची दोन डिस्कवर नक्कल, आणि तिसरी प्रत दुसऱ्या जागी किंवा दूरच्या सर्व्हरवर. तिन्ही उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. हे वीस मिनिटांचं काम मुलाला गोष्ट सांगताना मागे चालू राहू शकतं.

पाठ सांभाळ. पंधरा किलोची एक पिशवी करण्यापेक्षा दोन पिशव्या आणि दोन फेऱ्या बऱ्या. संध्याकाळी मुलाला उचलायचं असतं.

घरातल्या फोटोंसाठी दुसरा, लहान कॅमेरा ठेव, एकाच लेन्सचा. कामावर तू खेळणी बाजूला करतोस. घरी ती तशीच पडलेली राहू देत, कारण कोणत्या वर्षी कोणतं खेळणं होतं हे तेवढंच सांगणार आहे. आयएसओ वाढव, रेषा वाकड्या आल्या तर येऊ दे, उजेडासाठी कुणाला थांबवू नकोस. फक्त एकच चौकट तुझ्या कामाच्या शिस्तीने काढ. घरातलं एक दार निवड. ५० मिमी लेन्स, उभी चौकट, साडेतीन मीटर अंतर, कॅमेरा दाराच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे साधारण १०५ सेंमी. पूर्ण दार वरखाली थोडी जागा ठेवून मावतं आणि शिफ्टची गरज पडत नाही. हे आकडे आणि ट्रायपॉडच्या पायांची जागा वहीत लिहून ठेव. दर वाढदिवसाला मूल त्या दारात उभं कर. कॅमेऱ्याची उंची दरवर्षी तीच, म्हणजे दार हलणार नाही आणि मूल त्यात वाढताना दिसेल. दोन फ्रेम घे. दुसरीसाठी दहा सेकंदांचा टायमर लाव आणि तुम्ही दोघंही त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.

कळावे.